आबांचा रिसिव्हर

लातूर
६ मार्च २०१६

चि. गौतमीस सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

बापाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं असणार, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणाली असशील. तर आहे. मला होम थिएटर घ्यायचं आहे. टीव्हीखाली ठेवतात ती लांबट पट्टी नको. चांगला रिसिव्हर हवा, वेगळे स्पीकर हवेत आणि एक भक्कम बूफर हवा. नांदेडला माझ्या लेकीचं एवढं दुकान असताना मी लातूरच्या बाजारात विचारत फिरलो तर तुलाच राग येईल. पैशांचं माझं मी बघतो, त्यात तू पडायचं नाही.

ताकद भरपूर पाहिजे. खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं मी शेजारच्या गल्लीत पाहिलं, तेवढं तरी असू दे. त्याला माईक जोडता आला पाहिजे, आणि माईकची वायर चांगली चाळीस फूट लांब लागेल. दणका असा पाहिजे की खाटेवर पडलं तरी जाणवला पाहिजे. पिक्चर बघायला बरं पडेल. तुझी आई गेल्यापासून घर फार मोकळं वाटतं.

इकडं पाण्याची तीच गत आहे. टँकर आठ-नऊ दिवसांनी येतो आणि कधी येईल ते टँकरवाल्यालासुद्धा ठाऊक नसतं. कोपऱ्यावर हॉर्न वाजवतो, की सगळी गल्ली पळत सुटते. गल्लीचा नियम तुला माहीत आहेच. पाण्याचं टिपाड नंबरात असून चालत नाही, टिपाडाजवळ माणूस उभा पाहिजे. माणूस नसला की पाइप पुढच्या टिपाडात. शेजारच्या धुरपताबाईचा खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे, मुलगा सुरतेला. तिचं टिपाडही मीच भरतो. तिला मी तसा शब्द दिला आहे.

गेल्या महिन्यात दोनदा माझा नंबर हुकला. तेवढ्यावरून भिंतीपलीकडच्या केवळाबाईनं रामकिशनला उमरीला फोन केला, आणि तुझा दादा म्हणतो की आता एकदा जरी हुकला तर घराला कुलूप आणि मी उमरीला. गौतमी, मी जाणार नाही. लातूर जिल्हा झाला त्या साली तुझ्या आईनं आणि मी हे घर उभं केलं. हदगावला, चाकूरला, जिथं बदली झाली तिथं भाड्याच्या खोलीत राहिलो, ते एवढ्यासाठीच. मला इथंच राहायचं आहे, हे तू त्याला तुझ्या भाषेत सांग.

फोन करू नकोस. जन्म पोस्टात गेला, मला पत्रच बरं वाटतं.

तुझा,
आबा


नांदेड
११ मार्च २०१६

ती. आबांस जयभीम.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, ताई, वाईट बातमी आहे का? म्हटलं, नाही हो, आमच्या आबांना हजार वॅट पाहिजेत.

आबा, खरं सांगू का, आधी मला रागच आला. साऱ्या महाराष्ट्राच्या टीव्हीवर लातूरची टिपाडं दाखवतात, पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होतायत म्हणतात, आणि पोस्टमास्तर व्यंकटी यांच्या घरात होम थिएटर दणाणणार. लोक काय म्हणतील, हा विचार तुम्ही कधी केला नाही असं झालेलं नाही. आजच का सोडलात?

पण मागितलंत तर नीट देईन. खोक्यावरचे हजार-दोन हजार वॅट विसरा. ते सगळे स्पीकर एका क्षणापुरते ओरडले तर किती, याचा हिशोब असतो, तो कोणी खरा धरत नाही. एकेका स्पीकरला न फाटता, न तापता किती मिळतं ते बघायचं. तुमची बैठकीची खोली म्हणजे दोन खाटा आणि आईचं कपाट. तिथं साठ खरे वॅट पुष्कळ झाले. त्यावर गेलात तर केवळाबाई भिंतीतून आत येतील. पाचही स्पीकर आठ ओहमचे घेते, म्हणजे लातूरच्या उन्हाळ्यात रिसिव्हरला घाम फुटणार नाही. वर चार बोटं जागा मोकळी सोडायची, त्याच्यावर पेपरचे गठ्ठे ठेवायचे नाहीत. हे शेवटचं खास तुमच्यासाठी.

माईकचं मात्र कळलं नाही. असल्या रिसिव्हरला माईकची एक जागा असते, पण ती पहिल्या दिवशी खोलीचा आवाज जुळवून घेण्यापुरती. बोलायचा-गायचा माईक लावायचा तर मधे एक छोटा मिक्सर लागतो. तो आहे माझ्याकडे. पण चाळीस फूट वायर? तुमचं अख्खं घर तेवढं नाही. आणि खाटेवर जाणवणारा दणका कशाला? बूफर कोपऱ्यात ठेवतात आबा, माणसाच्या पाठीत नाही.

दादाशी माझं भांडण झालं. तुम्हाला तिथून हलवायचं नाही, हे मी त्याला माझ्या भाषेत सांगितलं. मला त्याची एक गोष्ट सहन होत नाही. दोन वर्षं झाली, तो तुमच्याशी सरळ बोलतच नाही. ओरडतो. मागच्या सुट्टीत "जेवलात का" हेसुद्धा ओरडून विचारत होता. शाळेत मास्तर आहे म्हणून बापापुढे छडी घेऊन उभं राहायचं का? तुम्हीही काही बोलत नाही, मान हलवता.

फोन तीनदा लावला, उचलला नाही. पत्र आवडतं ते ठीक, पण रिंग वाजल्यावर उचलायला काय होतं?

आपली,
गौतमी


लातूर
१७ मार्च २०१६

चि. गौतमीस जयभीम.

फार प्रश्न विचारतेस. माल विकायचा आहे की उलटतपासणी घ्यायची आहे?

माईक जयंतीसाठी पाहिजे. यंदा एकशे पंचविसावी आहे. गल्लीतली मंडळी गीतं बसवतायत, त्यांना ओट्यावर बसून गाता यावं म्हणून वायर लांब. बूफर मी खाटेखाली ठेवणार, खाट माझी आहे. आणि पाच स्पीकर कशाला? पुढचे दोन बास झाले. ते मात्र स्वच्छ बोलणारे दे, माणसाचं बोलणं कळलं पाहिजे.

लवकर पाठव. काल टँकर आला. माझं आणि धुरपताबाईचं, दोन्ही टिपाडं भरली, कारण मी दोन दिवस ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. घरात बसलं की टँकर आलेला समजत नाही. ऊन बेचाळीसच्या वर आहे. काल दुपारी नाकातून रक्त आलं, डोक्यावर ओला पंचा टाकला तर थांबलं. हे रामकिशनला कळवशील तर पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही.

धुरपताबाई टिपाड भरलेलं बघून रडली. म्हणाली, "मास्तर, तुमी हायत म्हणून मी हाय." मला त्या बाईची भीतीच वाटते, इतका विश्वास टाकते.

कट्ट्यावर हल्ली उदगीर जिल्हा होणार, लातूरचे पुन्हा तुकडे होणार, अशा गप्पा रंगतात. मी जात नाही. सगळे एकदम बोलतात, कंटाळा येतो.

तुझा,
आबा


नांदेड
२८ मार्च २०१६

ती. आबांस जयभीम.

नाकातून रक्त आल्याचं वाचल्यापासून मी धड जेवलेले नाही. ओट्यावर दोन दिवस? बेचाळीस डिग्रीत? घरात बसून समजत नाही म्हणजे काय, तो हॉर्न तर पार विहारापर्यंत ऐकू येतो. दुपारी झोप लागत असेल तर तसं सांगा, केवळाबाई दार वाजवतील. मी त्यांना फोन करणार होते, पण तुम्हाला चालणार नाही म्हणून हात आवरला. दादाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मला वाटतंय की सांगायला हवं होतं.

सामान आज ट्रॅव्हल्सनं निघालं. लातूरचा शरणप्पा माझ्याबरोबर आयटीआयला होता, तो येऊन जोडून देईल. रिसिव्हर साठ वॅटचाच आहे, हट्ट केलात तरी बदलणार नाही. पुढचे दोन स्पीकर असे निवडलेत की माणसाचं बोलणं अगदी समोर बसल्यासारखं कळेल. बूफर मोठा दिलाय. मिक्सर आणि चाळीस फूट वायरही दिली, गल्लीभर गा.

एक सोय मी इथूनच करून ठेवली. वीस मिनिटं काही आवाज आत आला नाही, की रिसिव्हर आपोआप झोपी जातो. तुम्ही टीव्ही बंद कराल आणि हे चालूच ठेवाल, मला माहीत आहे. आई गेल्यापासून तुमच्या घरात पंखेसुद्धा दिवसभर रिकाम्या खोलीत फिरतात. आता वीजही वाचेल आणि यंत्रही तापणार नाही. तुम्हाला काही करायची गरज नाही.

दादा जयंती झाल्यावरच्या रविवारी, १७ एप्रिलला, गाडी घेऊन लातूरला येणार आहे. "तोवर एकही नंबर हुकला नाही तर बघू," एवढंच म्हणाला. आबा, मी त्याच्यापुढे तुमची बाजू धरलीय. मला तोंडावर पाडू नका.

आपली,
गौतमी


लातूर
१० एप्रिल २०१६

गौतमी,

तुझं यंत्र परत ने. असला माल तू लोकांना विकतेस?

शुक्रवारी भर दुपारी टँकर आला आणि गेला. मी घरातच होतो. खाटेवर, पायात चपला घालून, दोन्ही कॅन उशाशी घेऊन. यंत्र चालू केलेलं होतं. मी त्याच्यावर विसंबलो होतो. बुधवारी, गुरुवारी ते मधे मधे बंद पडत होतं, मी उठून पुन्हा चालू करत होतो. शुक्रवारी डोळा लागला आणि ते मुकाट्यानं विझलं. जाग आली तेव्हा गल्ली ओली होती.

माझं टिपाड कोरडं राहिलं त्याचं काही नाही. धुरपताबाईचंही राहिलं. मी तिच्या दारात जाऊन सांगायला हवं होतं की पाणी मिळालं नाही. मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. संध्याकाळी जाऊ, सकाळी जाऊ म्हणत मी घरात बसून राहिलो. तिनं कोणाला हाक मारली नाही. आज ना उद्या मास्तर आणतील म्हणून उशाच्या तांब्यात उरलेलं घोटघोट प्याली आणि मग हापशाचं मचूळ पाणी कोणीतरी वापरायला आणून ठेवलं होतं, ते प्याली. काल सकाळी उलट्या, जुलाब. केवळाबाईनं आणि गल्लीतल्या दोघांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं आहे. डॉक्टर म्हणतात, वय झालंय, दोन दिवस बघू.

केवळाबाई माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "मास्तर, घरात शिनेमा बघून राहिले होते का? म्हातारी मरून गेली असती ना!" सगळी गल्ली बघत होती. तिला काय सांगू? खरंच म्हणाली ती. घरात मोठमोठे स्पीकर आलेले सगळ्यांनी पाहिले आहेत.

तिनं रामकिशनला कळवलं असणार. तो आता थांबायचा नाही. धुरपताबाईचं काही बरंवाईट झालं, तर मलाही इथं राहायचं तोंड उरणार नाही.

हे तुझ्या यंत्रामुळे झालं. एवढंच लिहायचं होतं.

आबा


नांदेड
१२ एप्रिल २०१६ (स्पीड पोस्ट)

ती. आबांस जयभीम.

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहिते आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढलंय.

आबा, पिक्चर चालू असताना हा रिसिव्हर बंद पडत नाही. तीन तासांचा असला तरी नाही, गाणी लावली तरी नाही. तो फक्त शांततेत बंद पडतो. तुम्ही लिहिता, मधे मधे बंद पडत होतं आणि मी उठून चालू करत होतो. म्हणजे तुम्ही यंत्र चालू करायचात आणि काहीच लावायचा नाहीत. तास न् तास काहीच न वाजणाऱ्या स्पीकरसमोर चपला घालून कोण बसतं, हे मला कळेना. मग मला चाळीस फूट वायर आठवली.

माईक फाटकावर आहे ना?

मी लगेच शरणप्पाला फोन केला. तो म्हणाला, "हाव, काकांनी फाटकालाच बांधून घेतला, तोंड कोपऱ्याकडं करून. मी म्हनलं, गाणारा कुठं उभा राहणार? तर काकांनी नुसती मान हलवली. आन् मी दार लई वेळ वाजवलं होतं, उघडेनात. खिडकीतून हात हलवला तवा उठले."

टँकरचा हॉर्न तुम्हाला ऐकू येत नाही. फोनची रिंग ऐकू येत नाही. कट्ट्यावर सगळे एकदम बोलले की काहीच कळत नाही. म्हणून बूफर खाटेखाली. कानांनी नाही तर पाठीनं तरी टँकर कळावा म्हणून. आणि मी तुम्हाला विचारत होते की बूफर पाठीत कशाला ठेवता.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हाच असतो, कशासाठी पाहिजे? खोली केवढी, वॅट किती, ओहम किती, सगळं मी तुम्हाला विचारलं. हे एक तुम्ही खोटं सांगितलंत आणि मी खरं मानलं. टँकरच्या आवाजाची वाट बघणाऱ्या यंत्राला मीच झोपायला शिकवून पाठवलं. धुरपताबाईच्या सलाईनमध्ये माझाही हात आहे, हे मला कळतंय. मला तुमचा रागही आलाय, खूप आलाय. पण रडूच जास्त येतंय.

आता आधी हे करा. रिमोटवर सेटअप दाबा. पडद्यावर यादी येईल, त्यात ऑटो स्टँडबाय असं लिहिलेलं दिसेल. तिथं वीस मिनिटं आहे, ते ऑफ करा. मग यंत्र दिवसभर जागं राहील, तापलं तर तापू दे, पंखा लावा. मिक्सरवरचं माईकचं बटण अर्ध्याच्या थोडं पुढे न्या. माईकला जुना मोजा घाला, म्हणजे वाऱ्याचा फरफर आवाज येणार नाही. टँकरचं इंजिन जाड आवाजाचं, ते बूफर बरोबर पकडेल. माणसांचं बोलणं पुढच्या स्पीकरवर येईल.

दादा रविवारी येतोच आहे. काल त्याचा फोन आला होता, केवळाबाईंनी सगळं सांगितलंय त्याला. मला म्हणाला, "तू काही बोलू नको, मी बघतो." तुमच्या कानांचं मी त्याला काही सांगितलेलं नाही. मी सांगणारही नाही, कारण सांगितलं की तुमचं घर सुटलं. पण आबा, लपवून तुम्ही तिथं राहिलात तर पुढच्या वेळी धुरपताबाई वाचणार नाहीत, किंवा तुम्ही. मी कोणत्या बाजूला उभी राहू ते तुम्हीच सांगा. तुम्हीच बोला त्याच्याशी. ओरडला तर ओरडू दे.

तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही, आबा?

आपली,
गौतमी


लातूर
१८ एप्रिल २०१६

चि. गौतमीस सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

आधी धुरपताबाईचं. शनिवारी घरी आली. अशक्त आहे, पण जीभ शाबूत आहे. मी दारात गेलो, हात जोडले, तर म्हणाली, "बसा की, उभं काय राहायलात." हे मला कळलं, कारण तिनं खाटेवर हात थोपटून दाखवला. मग मी तिला घडलं ते सगळं सांगितलं. तिला, म्हणजे तुम्हा दोघांच्याही आधी. तिचं नुकसान केलं होतं, पहिला हक्क तिचा होता. तिनं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवला, मग माझ्या कानावर बोट ठेवलं, आणि हसली.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तू सांगितलंस तसं केलं. ऑटो स्टँडबाय ऑफ केलं, मोजा घातला, बटण पुढे नेलं. यंत्र जागं राहिलं. जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत आहेत, रेल्वेनं पाणी आलं म्हणून लोक स्टेशनवर जाऊन बघून आले, आणि मी घरात बसून रविवारची वाट बघत होतो. तुला खोटं कशाला सांगू, मी काही बोलायचं ठरवलं नव्हतं. रामकिशन आला की नेहमीसारखी मान हलवायची, आणि गाडीत बसायची वेळ आली तर दाराची चौकट धरायची, इतकंच ठरवलं होतं.

काल दुपारी मी खाटेवर पडलो होतो. पाठीखाली धडधडलं. टँकर आला म्हणून मी ताडकन उठलो, कॅन उचलले, आणि बूफर थांबला. टँकर असा थांबत नाही. मग पुढचे स्पीकर बोलायला लागले. मी कॅन खाली ठेवले आणि एका स्पीकरसमोर जमिनीवर बसलो. आवाज होता तेवढा वाढवला, जाळीला कान लावला. तू म्हणाली होतीस, समोर बसल्यासारखं कळेल. कळलं.

गाडी रामकिशनची होती, भाड्यानं आणलेली. तो फाटकाशी उभा होता आणि केवळाबाई त्याला सांगत होती.

"गुरुजी, वडलांना न्या आता तुमच्या. त्यांना हार्न ऐकू येत न्हाई, हाका मारल्या तरी न्हाई. मी लई दिवसांपासून बघून राहिले. मला आधी वाटायचं, मास्तर माजले."

"मला ठाऊक हाय, मावशी," रामकिशन म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"मग बोलत का न्हाई तुमी?"

"काय बोलू? चाकूरला होते तवा लोक पत्र वाचून घ्यायला दारात बसायचे. ज्याला वाचता यायचं न्हाई, त्याला आबांनी कधी विचारलं न्हाई, येतं का म्हणून. नुसतं पत्र हातात घ्यायचे अन् वाचायला लागायचे. त्यांना मी कसं विचारू, ऐकू येतं का म्हणून? नेतो, कुलूप लावतो, म्हणून भेव दाखवून राहिलो. एकदा चिडून तरी म्हणतील, बाबा, मला ऐकू येत न्हाई. मग दवाखान्यात नेता येईल."

"आन् न्हाई म्हनले तर?"

"तर आज टिपाडापाशी मी उभा राहीन. सुट्ट्या लागल्या की इथंच येऊन राहीन."

गौतमी, तो हळू बोलतो गं. मी विसरलोच होतो. तुझ्या आईसारखा हळू आणि थोडा थांबत बोलतो. दोन वर्षं मी त्याचं नुसतं ओरडणं ऐकत होतो आणि मला वाटायचं, पोरगं बापाला वैतागलंय. तूही तेच लिहिलंस. तो मला ऐकू यावं म्हणून ओरडत होता.

मी दार उघडून बाहेर गेलो. मला बघताच त्यानं छाती भरून घेतली आणि नेहमीसारखा ओरडला, "आबा! कसे आहात?" गल्लीतली दोन कुत्री उठली.

मी म्हटलं, "रामकिशन, मला ऐकू येत नाही."

माझा आवाज नीट फुटला नसावा. त्यानं कान पुढे केला. म्हणून मी पुन्हा म्हटलं, या वेळी त्याच्यासारखंच ओरडून, "मला ऐकू येत नाही!" आता साऱ्या गल्लीला कळलं. केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. रामकिशननं काय केलं ते लिहीत नाही, तो मोठा माणूस आहे, शाळेत मास्तर आहे. मी मात्र रडलो, ते तुला सांगायला हरकत नाही.

तो मुक्कामाला राहिला. त्याला मी माझी खाट दिली. आज उजाडता उजाडता बूफर वाजला आणि तो असा उडाला की उशी एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे. मी पलीकडच्या खाटेवर होतो, मला कळलं नाही. त्यानं मला हलवलं आणि हातानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. हॉर्न वाजायच्या आत आम्ही दोघं बाहेर होतो. तो माझ्या टिपाडाशी, मी धुरपताबाईच्या. दोन्ही काठोकाठ भरली. जाताना केवळाबाईचं आणि तिच्या पुढचं, अशी दोन घरं मीच दार वाजवून उठवली. तिनं आता सगळ्या गल्लीला सांगितलंय की टँकरची खबर मास्तरांच्या घरी आधी लागते.

घर राहिलं. रामकिशननं गाडी रिकामी परत पाठवली आणि तो दुपारच्या बसनं उमरीला गेला. मला एक अट घातली आहे. पुढच्या आठवड्यात तो येणार आणि मला कानाच्या डॉक्टरकडे नेणार. डॉक्टर यंत्र लिहून देतील म्हणाला. पाऊस पडेपर्यंत माईक फाटकावरच राहील, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

तू विचारलंस, कधीपासून. तुझी आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हापासून. ती काही बोलली की मी मान हलवायचो. काय बोलली ते मला माहीत नाही. यापेक्षा जास्त आज लिहवत नाही.

तर आता पुन्हा एक मागणं. कानाच्या यंत्रातलं मला काही कळत नाही. किती ताकदीचं लागतं, त्यात काय काय सोयी असतात, कोणती नुसती नावाला आणि कोणती कामाची, हे डॉक्टरशी बोलून तूच ठरव. आपोआप झोपणारं नको. कशासाठी पाहिजे, हा तुझा पहिला प्रश्न असतो ना? या वेळी खरं सांगतो. टँकरसाठी नको, त्याला रिसिव्हर आहे. रामकिशनला माझ्याशी हळू बोलता यावं, म्हणून पाहिजे.

तुझा,
आबा